गुण आला, पण कशाने?

मावशीचे गुडघे गेल्या पावसाळ्यात इतके धरले होते की देवापुढे बसायलाही तिला खुर्ची लागायची. कुणीतरी सुचवलं म्हणून ती चिनी पद्धतीच्या सुया टोचून घ्यायला, म्हणजे ॲक्युपंक्चरला, जाऊ लागली. दिवाळीपर्यंत दहा-बारा बैठका झाल्या आणि भाऊबीजेला तिने खाली बसून मामाला ओवाळलं. झालं, पंगतीतच वादाला तोंड फुटलं. मावसभाऊ डॉक्टर आहे. तो म्हणाला, "आई, हा नुसता प्लासिबो आहे, उपचार घेतल्याच्या समजुतीनेच बरं वाटतंय." काका उसळले, "पाच हजार वर्षं कोट्यवधी माणसं ज्याने बरी झाली ते थोतांड, आणि तुझ्या गोळ्या तेवढ्या खऱ्या?" श्रीखंड संपेपर्यंत दोघंही आपापल्या खुंट्याला घट्ट होते. मावशीला मात्र कोणीच काही विचारलं नाही. सुया टोचणारा तिच्याशी किती वेळ बोलतो? दुखणं थांबवायच्या जुन्या गोळ्या तिने सोडल्या की चालूच आहेत? आणि दिवाळीपर्यंत पावसाळा संपला होता, हे कोणाच्या लक्षात आलं का?

मला दोघांची उत्तरं पटत नाहीत, कारण मुळात प्रश्नच चुकलाय. "चिनी वैद्यक चालतं का?" हे "भाजी चांगली असते का?" असं विचारण्यासारखं आहे. कुठली भाजी, कधी खुडलेली, कोणी केलेली, खाणाऱ्याला काय झालंय? मराठीत आपण "औषधाला गुण आला" म्हणतो आणि सगळं श्रेय एका पुडीच्या नावावर लिहून मोकळे होतो. प्रत्यक्षात त्या गुणाचे वाटेकरी बरेच असतात. वनस्पती असते, ती सिद्ध करायची रीत असते, वैद्याने दिलेला वेळ असतो, रुग्णाची अपेक्षा असते, दुखण्याचा आपला चढउतार असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की हे वाटे वेगळे काढता येतात आणि काढायलाच हवेत. ते काढू न देणारा समर्थक परंपरेचं रक्षण करत नाही, आणि "प्लासिबो" म्हणून वही मिटणारा टीकाकार विज्ञानाचं काम अर्ध्यावर सोडतो. आणखी एक कबुली आधीच देतो. मराठी घरात चिनी वैद्यकावर भांडताना आपण बहुतेक वेळा आयुर्वेदावर भांडत असतो, म्हणून आवाज इतक्या लवकर चढतो. त्यामुळे मी शक्यतो चीनमध्येच थांबणार आहे.

आधी पाच हजार वर्षांचं बघू. १८२२ साली दाओग्वांग बादशहाच्या दरबाराने राजवैद्यांच्या संस्थेतून सुया आणि डाग देण्याचे उपचार काढूनच टाकले. १९२९मध्ये राष्ट्रवादी सरकारच्या आरोग्य मंडळाने जुनं वैद्यक मोडीत काढण्याचा ठराव केला. तो मांडणारा यू युनश्यू जपानात शिकलेला चिनी डॉक्टरच होता. त्याविरुद्ध १७ मार्चला देशभरचे वैद्य शांघायमध्ये जमले, तेव्हा तो ठराव बारगळला. पुढे माओने १९५८मध्ये चिनी वैद्यकाला मोठा खजिना म्हटलं, पण तेव्हा अफाट लोकसंख्येला पुरतील एवढे आधुनिक डॉक्टर देशात नव्हते, हेही त्यामागे होतंच. १९५६मध्ये बेजिंग, शांघाय, ग्वांगचौ आणि छंगदू इथे पहिली सरकारी महाविद्यालयं निघाली. आपसांत न पटणाऱ्या घराण्यांचं आणि पोथ्यांचं एकसंध पाठ्यपुस्तक झालं ते या काळात. म्हणजे ज्याला आपण सनातन समजतो ती आखीव पद्धत वयाने मावशीच्या आसपासची आहे. यामुळे ती खोटी ठरत नाही. पण वयाचा दाखला देऊन चाचणीतून सुटका मागायची असेल तर तो दाखला कच्चा आहे.

दुसरी दंतकथा पश्चिमेची. १९७१च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन यांचं बेजिंगमध्ये ॲपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी त्यावर लिहिलं. आजही लोक छातीठोकपणे सांगतात की त्यांचं पोट सुयांच्या भुलीवर फाडलं. त्यांनी स्वतः लिहिलंय की भूल नेहमीच्या इंजेक्शनची होती. सुया टोचल्या त्या नंतर, पोट फुगून अस्वस्थ वाटत होतं तेव्हा. तासाभरात बरं वाटलं, एवढीच ती गोष्ट. अमेरिकेत सुयांची जी लाट आली तिच्या मुळाशी हा एक फुगलेला वृत्तांत आहे, आणि फुगलेलं पोट ऑपरेशननंतर आपसूकही उतरतं हे कोणत्याही परिचारिकेला विचारावं.

आता काकांच्या बाजूचा सगळ्यात बळकट पुरावा, कारण तो टाळून पुढे जाणं लबाडी होईल. व्हिएतनाम युद्धात जंगलातले सैनिक हिवतापाने जेरीस आले, तेव्हा २३ मे १९६७ रोजी चीनने ५२३ नावाचा गुप्त प्रकल्प सुरू केला. त्यात बेजिंगच्या तू यूयू यांनी जुन्या पोथ्यांतून आणि वैद्यांकडून औषधी कृतींचे दोन हजारांवर पाठ गोळा केले. छिंगहाव नावाची वनस्पती, म्हणजे आपल्या दवण्याच्या गोत्रातलीच एक, एकदा आशा दाखवून गेली आणि मग परत परत फसली. चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याच्या ग्रंथात एक ओळ होती: मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवावी, पिळून रस काढावा, सगळा प्यावा. तू यूयू अडखळल्या त्या एका न लिहिलेल्या शब्दापाशी. यात उकळायचं कुठे आहे? नेहमीचा काढा करताना उष्णतेने औषधी अंश मरत असला तर? त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरून अर्क काढला, आणि ऑक्टोबर १९७१मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांमधल्या हिवतापाचा शंभर टक्के निकाल लावला. पुढच्या वर्षी रुग्णांना देण्याआधी त्यांनी तो अर्क स्वतःवर घेऊन पाहिला. २०१५चं नोबेल मिळालं ते या कामाला.

ही गोष्ट समर्थक नेहमी अर्धी सांगतात. छिंगहाव या नावाखाली बाजारात एकाहून अधिक वनस्पती होत्या आणि त्यांतल्या एकीतच हिवतापावर चालणारा तो रेणू होता. त्या एकीतही तो मुख्यतः पानांत होता, आणि फूल उमलण्याच्या सुमाराची पानं असली तरच भरपूर. बेजिंगच्या आसपासचं झाड कमी सत्त्वाचं निघालं, सछ्वानचं चांगलं. म्हणजे सोळाशे वर्षं हे औषध लिखित स्वरूपात होतं, आणि तरी बहुसंख्य रुग्णांना चुकीचं झाड, चुकीचा भाग किंवा उकळून निकामी झालेला काढा मिळाला असण्याचीच शक्यता जास्त. परंपरेने सोनं सांभाळलं हे खरं. सोनं कुठे आहे हे मात्र परंपरेला ठाऊक नव्हतं. ते प्रयोगशाळेत कळलं.

असे दाखले आणखीही आहेत. चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांनी १९७०च्या दशकात एका गावठी मिश्रणातून एक एक घटक वगळत नेला, तेव्हा रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारावर गुणकारी ठरला तो सोमल, म्हणजे आर्सेनिक. आज त्या कर्करोगाच्या जगभरच्या उपचारात तो आहे. २०२३मध्ये थोंगशिनल्वो या, विंचू आणि जळवा घातलेल्या चिनी औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली. हृदयविकाराचा मोठा झटका आलेले ३७७७ रुग्ण, सगळ्यांना नेहमीचे उपचार, वर निम्म्यांना हे औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी फसवी गोळी. तीस दिवसांत मृत्यू किंवा गंभीर घटना औषधाच्या गटात ३.४ टक्के, दुसऱ्यात ५.२ टक्के. मावसभावाने हे आकडे खाली ठेवून "थोतांड" म्हणून दाखवावं. पण काकांनीही लक्षात घ्यावं की हा कौल एका ठरीव औषधाचा, एका ठरीव आजारावरचा, आणि नेहमीच्या उपचारांच्या जोडीचा आहे. "चिनी वैद्यक" नावाच्या सबंध इमारतीला त्याची हमी मिळत नाही.

वनस्पतीचा वाटा किती नाजूक असतो हे कोकणी माणसाला समजवायला नको. देवगडच्या पेटीत कुठला आंबा निघेल याची भीती आपण दर वर्षी अनुभवतो. चिनी वैद्यकातही अमुक मुळी अमुक मुलखाचीच असा आग्रह पहिल्यापासून आहे, आणि तो निव्वळ मिजास नाही. तसंच सिद्ध करण्याचं. बचनागाचा चिनी भाऊबंद फूत्सी तिथे सर्रास वापरतात. भिजवून आणि दीर्घकाळ उकळून त्यातल्या विषाचं रासायनिक विघटन होतं. तीच मुळी घाईत अर्धी शिजली तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावतो. आपल्याकडे बचनागाचं गोमूत्रात शोधन करतात, बिब्ब्याला नुसता हात लावायचा तरी जपून, हे त्याच शहाणपणातलं. या बाबतीत जुन्या वैद्यांचं निरीक्षण पक्कं होतं, आणि "सगळंच अंधश्रद्धा" म्हणणाऱ्यांनी निदान एवढं तरी मान्य करावं.

पण मग ब्रसेल्स आठवतं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या एका वजन घटवण्याच्या केंद्रात बायकांना चिनी वनस्पतींची कॅप्सूल दिली गेली आणि शंभरावर जणींची मूत्रपिंडं निकामी झाली. पुढे त्यांतल्या अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. कारण? यादीत हवी होती हान फांगची, पिशवीत आली ग्वांग फांगची. दोन शब्दांतलं एकच आडनाव जुळलं, वनस्पतींचं कुळ वेगळं होतं. दुसरीत ॲरिस्टोलोकिक आम्ल होतं. समर्थक म्हणतात की वजन घटवायला ही वनस्पती देणं ही चिनी पद्धतच नव्हे. बरोबर आहे, मान्य. पण तेच आम्ल असलेलं ग्वान मुथोंग नावाचं वनौषध खुद्द चीनमध्ये सरकारमान्य औषधांत घातलं जात होतं आणि २००३मध्ये ते काढावं लागलं. इतकी वर्षं वैद्यांच्या अनुभवाला ते का दिसलं नाही? कारण अनुभवाला दिसतं ते लवकर घडणारं. काढा प्यायल्यावर उलटी झाली तर वैद्याला त्याच संध्याकाळी कळतं. दहा वर्षांनी मूत्रपिंड गेलं तर रुग्ण भलत्याच दारात उभा असतो.

आता सुया, म्हणजे मावशीकडे. जर्मनीत २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत कंबरदुखीचे ११६२ रुग्ण होते. शास्त्रशुद्ध सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना सहा महिन्यांनी बरं वाटत होतं. भलत्याच जागी, वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना. औषधं आणि व्यायाम अशा नेहमीच्या उपचारांनी फक्त २७.४ टक्क्यांना. हा निकाल दोन्ही तटांना एकाच वेळी थोबाडीत मारतो. शरीरातल्या नाड्यांचा नकाशा आणि त्यावरचे नेमके बिंदू यांचा वाटा त्यात जवळजवळ दिसत नाही. उलट त्याभोवतीच्या सगळ्याचा वाटा, म्हणजे आडवं होणं, कुणीतरी अंगाला हात लावणं, आठवड्यातून दोनदा जाणं, नेहमीच्या उपचारांवर मात करतो. मग हे "काहीच नाही" कसं? बोस्टनच्या संशोधकांनी पोटाच्या चिवट तक्रारी असलेल्या २६२ जणांवर याचीच फोड करून पाहिली. काहींना नुसतं थांबवून ठेवलं. काहींना आत न शिरणाऱ्या खोट्या सुया लावल्या, पण बोलणं पाच मिनिटांहून कमी. काहींना त्याच खोट्या सुया, पण पहिल्या भेटीत पाऊण तास आपुलकीने विचारपूस. तीन आठवड्यांनी बरं वाटणाऱ्यांचं प्रमाण अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के होतं. आपल्या आज्या याला हातगुण म्हणायच्या. तो मोजता येतो, हे या आकड्यांनी दाखवलं. सरकारी दवाखान्यात दोन मिनिटांत नाव, तक्रार आणि गोळी आटोपणाऱ्या व्यवस्थेने यावर हसण्यापेक्षा थोडी लाज बाळगावी.

इथे काका टाळ्या वाजवतील, म्हणून लगेच पुढचा प्रयोग. २०११मध्ये दम्याच्या रुग्णांना आळीपाळीने खरा फवारा, खोटा फवारा, खोट्या सुया आणि काहीच नाही असे चार प्रकार दिले. किती बरं वाटलं या प्रश्नाला पहिल्या तिन्हींत जवळपास सारखंच उत्तर आलं, ४५ ते ५० टक्के. मग यंत्रात फुंकर मारायला लावली. खऱ्या फवाऱ्याने श्वासाचा जोर २० टक्क्यांनी वाढला, बाकी तिघांत सातच्या आसपास. छाती मोकळी वाटत होती, मोकळी झाली नव्हती. हातगुणाची हद्द इथे संपते. गुडघा, कंबर, मळमळ, झोप यांत वाटणं हाच मोठा भाग असतो, तिथे तो राबेल. गाठ, जंतू, तुंबलेली रक्तवाहिनी यांना रुग्णाला काय वाटतं याच्याशी देणंघेणं नसतं.

यावर एक ठेवणीतलं उत्तर येतं: चिनी वैद्यक प्रत्येक प्रकृतीला वेगळा उपचार करतं, त्यामुळे तुमच्या एकसाची चाचण्या त्याला लागूच नाहीत. हे ऐकायला खोल वाटतं. पण सिडनीत १९९८मध्ये नेमकी हीच चाचणी झाली. आतड्याच्या तक्रारीचे ११६ रुग्ण, तीन गट: खोटं औषध, सर्वांना एकच ठरीव मिश्रण, आणि प्रत्येकाला नाडी पाहून वेगळं. उपचार चालू असेतो दोन्ही खऱ्या गटांना खोट्यापेक्षा गुण होता. थांबवल्यावर १४ आठवड्यांनी टिकला तो फक्त वेगवेगळं दिलेल्यांचा. म्हणजे चाचणी घेता येते, आणि ती कधी परंपरेच्या बाजूनेही बोलते. ती घ्यायची तयारी मात्र हवी, कारण प्रकृतिनिदानावरच प्रश्न येऊ शकतात. तीन चिनी वैद्यांना संधिवाताचे तेच ४० रुग्ण दाखवले, तेव्हा निदानांचा मेळ जेमतेम एक तृतीयांश वेळा बसला. तुमची प्रकृती कोणती हे तुम्ही कोणत्या दारातून आत गेलात यावर ठरत असेल, तर "व्यक्तिनिहाय" या शब्दात व्यक्ती नेमकी कोणाची?

रुग्णाचा स्वतःचा वाटा तर सगळेच विसरतात. माणूस दुखणं शिगेला पोचल्यावर नवा वैद्य गाठतो. शिगेनंतर उतारच असतो, आणि तो उतार त्या वेळी हातात असलेल्या पुडीच्या खात्यावर जमा होतो. शिवाय आधीच्या गोळ्या चालूच असतात आणि त्या लपवल्या जातात. रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन घेणाऱ्याने दानशेन या चिनी मुळीचा काढा सुरू केला तर रक्तस्राव होऊ शकतो. चिनी मिश्रणांत हटकून असणारं ज्येष्ठमध जास्त झालं तर पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. कधी गुण वनस्पतीचा नसतोच. पीसी-स्पेस नावाचं आठ वनस्पतींचं मिश्रण पुरुषांच्या प्रोस्टेट कर्करोगावर अमेरिकेत विकलं जाई आणि खरंच परिणाम दिसे. २००२मध्ये ते बाजारातून काढलं गेलं, कारण आत वॉर्फरिन आणि कृत्रिम स्त्रीसंप्रेरक अशी आधुनिक औषधंच सापडली.

आणि मोजणारा कोण, हेही बघावं लागतं. १९९८च्या एका पाहणीत चीनमधून प्रसिद्ध झालेल्या सुयांच्या झाडून सगळ्या चाचण्या अनुकूल निघाल्या. एकही नापास नाही! अशी शाळा पाहिली की आपण कौतुक करत नाही, परीक्षा केंद्र तपासतो. २०१७च्या चिनी कायद्याने प्राचीन नामांकित पाठांना माणसांवरच्या चाचण्यांशिवाय परवान्याची वाट मोकळी करून दिली. त्याच सुमाराला सरकारी रुग्णालयांना औषधांवर नफा घ्यायची बंदी झाली, पण काढ्याच्या सुट्या वनौषधींना त्यातून वगळलं. जिथे नफा उरतो तिथे शिफारस वाढते, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही. तरी अन्याय नको. त्याच २०१७मध्ये चीनमधल्याच २१ केंद्रांवर पीसीओएस हा बीजकोशाचा विकार असलेल्या हजार स्त्रियांवर झालेली चाचणी प्रसिद्ध झाली. गर्भधारणेसाठी सुयांचा काही उपयोग नाही असा निकाल आला आणि चिनी संशोधकांनी तो उजळ माथ्याने छापला. परंपरेवर एवढा विश्वास तरी असावा की तिला नापास होऊ द्यावं.

हे सगळं आता आपल्याही दारात आहे. विजयकुमार बसू सोलापूरच्या डॉ. कोटणिसांबरोबर १९३८च्या वैद्यकीय पथकात चीनला गेले होते. त्यांनीच पुढे सुयांची विद्या तिथे शिकून कोलकात्यात आणली. महाराष्ट्राने तर २०१५मध्ये ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला. सुया टोचणाऱ्याची नोंदणी झाली हे चांगलंच. पण नोंदणीच्या कागदावर तो कोणत्या दुखण्याला हात घालू शकतो, सुईखेरीज पोटात घ्यायला काय देऊ शकतो आणि त्यावर काय लिहिलं पाहिजे, याची चर्चा मी अजून कुठे ऐकली नाही. आपली चर्चा पाच हजार वर्षं आणि प्लासिबो यांच्यात अडकलेली.

पंगत उठल्यावर मावशीने मला बाजूला घेतलं. "मग सुया बंद करू का रे?" म्हटलं, नको, गुडघ्याला बरं वाटतंय ना, कर. व्यायाम सोडू नकोस. बीपीची गोळी तर मुळीच नाही. आणि त्याने खायला काही दिलंय का? ती आत गेली आणि फ्रीजच्या वर ठेवलेल्या डब्यातून वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी घेऊन आली. तपकिरी भुकटी, वास थोडा ज्येष्ठमधाचा, बाकी ओळखू येईना. कागदावर निळ्या पेनाने लिहिलेलं होतं: सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर.